माशीबाईंचे तीनशे बारा वाण

मित्रांनो, मी एक जुना सूक्ष्मदर्शक आहे, आणि मी रागावलेला आहे. माझ्यासारख्या जुन्या वस्तू आपली कहाणी सांगताना सहसा उसासे टाकतात. मला ते जमत नाही. मला दोन डोळे आहेत, एक दिवा आहे, आणि या डोळ्यांखालून जे जे गेले ते सगळे लक्षात आहे. तुम्ही ऐकून घ्या. मधेच वाईट वाटले तर वाटू द्या.

माझा जन्म एका लांबट कारखान्यात झाला. तिथे भिंगे घासणारे कारागीर तोंडाला फडके बांधून बसत. धुळीचा एक कण राहिला तरी भिंगावर ओरखडा उठे आणि ते भंगारात जाई. माझे उजवे भिंग दोनदा नापास झाले. तिसऱ्या खेपेला एका म्हाताऱ्या कारागिराने ते खिडकीशी धरून बराच वेळ पाहिले आणि जाऊ दे म्हणाला. मी काही फार ताकदीचा नव्हे. पेशीच्या पोटात शिरून पाहणारे माझे थोरले भाऊ वेगळे असतात. मी वस्तू चाळीस पट मोठी दाखवतो, पण दोन डोळ्यांनी दाखवतो. त्यामुळे खोली कळते आणि चिमट्याचे टोक नेमके कुठे टेकले आहे ते कळते. माशीच्या आतड्याला न फाडता बाहेर काढायचे असेल तर हेच लागते.

खोक्यातून मला ज्यांनी बाहेर काढले त्या बाई त्याच आठवड्यात संशोधन संस्थेत नोकरीला लागल्या होत्या. वय अठ्ठावीस, अंगाने किरकोळ, उंची इतकी कमी की माझ्या डोळ्यांना डोळे लावायला त्यांना स्टुलावर एक जाडजूड सूचीग्रंथ ठेवून बसावे लागे. त्यांना मिळालेली खोली म्हणजे आधीचे अडगळीचे ठिकाण होते. एक खिडकी, एक नळ, भिंतीला लागून लाकडी मांडण्या. त्यांनी त्या मांडण्यांवर काचेच्या नळ्या रचल्या. प्रत्येक नळीच्या तळाशी मक्याचे पीठ, साखर आणि यीस्ट शिजवून ओतलेला खाऊ, वर कापसाचा बोळा, आणि मधे पन्नास-साठ फळमाश्या. पिकलेल्या केळ्याभोवती तुम्ही त्या पाहिल्या असतील. तुम्ही हाताने हाकलता त्याच.

शेजारच्या खोलीत त्यांच्याच वयाचे एक संशोधक बसत. उंच, गोड बोलणारे, नेहमी कडक इस्त्रीत. पहिल्याच महिन्यात ते दारात उभे राहून म्हणाले, काय माशीबाई, आज किती पाहुणे आले? सगळा मजला हसला. बाईही हसल्या. तेव्हापासून त्यांचे नाव माशीबाई पडले ते पडलेच. हे गृहस्थ पुढे विभागप्रमुख झाले. मी त्यांना साहेब म्हणेन, कारण सगळे तसेच म्हणत.

आता तुम्ही विचाराल, माशीत एवढे पाहण्यासारखे काय असते. मला हा प्रश्न फार वेळा ऐकावा लागला आहे आणि प्रत्येक वेळी माझा दिवा तापला आहे. माशी अंडे घालते. एका दिवसात त्यातून अळी निघते. अळी खाते, फुगते, कोषात जाते, आणि दहाव्या दिवशी पंख, पाय, डोळे घेऊन बाहेर येते. अळीच्या पोटात त्या पंखाची आधीच घडी करून ठेवलेली असते, पैशाच्या नाण्यासारखी चपटी. ती घडी किती वाढायची, कुठे थांबायची, हे तिला कोण सांगते? तुमचे दोन हात सारख्या लांबीचे का झाले, याचे उत्तर त्याच प्रश्नाच्या पोटात आहे. बाईंना ते हवे होते. त्यासाठी त्या दररोज हजारभर माश्यांना गुंगीचा वायू देऊन माझ्या भिंगाखालच्या मंचावर ओतत आणि बारीक कुंचल्याने एकेक सरकवत पाहत. नर इकडे, मादी तिकडे, बिघडलेली माशी वेगळी. रोज. सहा वर्षे.

सहाव्या वर्षी एका सकाळी एक मादी माझ्या प्रकाशात आली. तिच्या उजव्या पंखाची कड कोणी तरी दातांनी कुरतडल्यासारखी होती. अशा माश्या खूप येतात. कधी कोषातून निघताना पंख अडकतो, कधी खाऊत चिकटतो. कुंचला तिला कडेला ढकलणार, एवढ्यात थांबला. बाईंनी तिला उलटे केले. डाव्या पंखालाही तसाच कुरतडा होता, त्याच जागी. बाईंनी श्वास रोखलेला मला कळला, कारण माझ्या भिंगावरचे धुके गेले. त्यांनी त्या माशीला एकटीला नळीत ठेवले, नर दिला, पिल्ले वाढवली, पिल्लांची पिल्ले वाढवली. तिसऱ्या पिढीत तसल्या पंखांच्या माश्या पुन्हा आल्या. तो अपघात नव्हता. तो वारसा होता.

त्या वाणाचे नाव त्यांनी कातर ठेवले.

नावे ठेवण्यात बाई हुशार होत्या. अर्धा दिवस आधीच कोषातून बाहेर पडणारा वाण घाईघाई. नराला जवळ येऊ न देणाऱ्या माद्यांचा वाण रुसलेली. अंगावर एकही केस नसलेली बोडकी. खिडकीतून आपण होऊन आलेल्या एका जंगली मादीपासून चाललेला वाण पाहुणी. दर तीन आठवड्यांनी प्रत्येक वाण नव्या खाऊवर बदलावा लागे, नाही तर जुना खाऊ सुकतो, बुरशी धरतो, आणि एक वंश संपतो. एकदा संपला की तो कुठल्याही दुकानात मिळत नाही. सुट्टी असो, ताप असो, वाण बदलायचा म्हणजे बदलायचा. संध्याकाळी खोलीतला टेलिफोन वाजे आणि बाईंची आई विचारी, "तुझ्या माश्या जेवल्या का? आणि तू?" बाई पहिल्याचे उत्तर नेहमी खरे देत.

दहाव्या वर्षी खाऊ शिजवायला मावशी आल्या. त्यांचा खाऊ कधी पातळ झाला नाही की करपला नाही. पातेल्यात कालथा कसा फिरतो आहे यावरून त्या सांगत की आता ओतायचा. त्यांना अक्षरे जेमतेम वाचता येत, पण शेकडो नळ्यांमधली कुठली कोणत्या वाणाची, हे त्यांना पाठ होते. माश्यांना त्या लेकरे म्हणत नसत, असला लाडिकपणा त्यांच्याकडे नव्हता. नळीत माइट नावाचा बारीक उपद्रवी जीव दिसला तर मात्र त्यांच्या तोंडून निघणारे शब्द इथे सांगण्यासारखे नाहीत.

मग बाईंना काही तरी दिसले. कातरच्या माश्या म्हाताऱ्या झाल्या की लवकर मरत. का, ते पाहायला बाई त्यांची आतडी काढू लागल्या. मिठाच्या पाण्याचा एक थेंब, दोन चिमटे, आणि माझी नजर. मित्रांनो, आतड्याच्या आतले अस्तर सतत झिजत असते आणि सतत नवे होत असते. माशीचेही आणि तुमचेही. ते नवे करणाऱ्या पेशींना मूलपेशी म्हणतात. त्या अस्तराखाली गप्प बसलेल्या असतात. जखम झाली की जाग्या होतात, दुभंगतात, भोक बुजवतात, आणि पुन्हा गप्प होतात. त्या उठल्याच नाहीत तर जखम भरत नाही. गप्प बसायला विसरल्या तर गाठ होते. बाई माश्यांना साखरेच्या पाण्यातून आतड्याला इजा करणारे औषध देत आणि चार दिवसांनी पाहत. साध्या माशीचे आतडे पुन्हा धडधाकट झालेले असे. म्हाताऱ्या कातरचे आतडे चिमट्यात धरताच ओल्या कागदासारखे फाटे. मूलपेशी तिथेच होत्या, ते माझ्या थोरल्या भावांखाली दिसले. त्या उठत नव्हत्या.

म्हणजे अळीच्या पंखाला वाढ म्हणून सांगणारी सूचना आणि म्हातारपणी आतड्याच्या मूलपेशीला ऊठ म्हणून सांगणारी सूचना एकच होती. बाईंनी तीन वर्षे तपासले आणि मग शोधनिबंध लिहिला.

दुसऱ्या एका शहरात माश्यांवरच काम करणारे एक मोठे संशोधक होते. दाढी छातीपर्यंत, म्हणून सगळे त्यांना दाढीवाले म्हणत. त्यांनी पत्र लिहून कातर मागितली. बाईंनी दोन नळ्या कापसात गुंडाळून टपालाने पाठवल्या. आपल्या क्षेत्रात असे करायचे असते, जो मागेल त्याला वाण द्यायचा असतो. वर्षभराने दाढीवाल्यांचे टिपण छापून आले. आमच्या प्रयोगशाळेत असे काही दिसले नाही, मूळ निरीक्षण बहुधा खाऊतल्या जंतुसंसर्गामुळे आले असावे, असे त्यात होते. मोठ्या परिषदेत, भरल्या सभागृहात, त्यांनी तेच बोलून दाखवले आणि म्हणाले की आपले स्वयंपाकघर आधी स्वच्छ ठेवावे. लोक हसले. बाई परत आल्यावर त्यांनी हे मावशींना सांगितले. मावशींनी पातेले खाली ठेवले आणि विचारले, त्यांनी आपलं पातेलं पाहिलंय का? बाई म्हणाल्या, नाही. 

त्यानंतर बाईंच्या खोलीत विद्यार्थी येईनासे झाले. साहेब तोवर विभागप्रमुख झाले होते. ते दारातून डोकावत आणि काळजीच्या सुरात सांगत की मॅडम, आता माश्या पुरे, काही तरी कालानुरूप करा. बाईंनी आठ वर्षे एकटीने माश्यांचेच काम केले. दाढीवाल्यांना का दिसले नाही, हे शोधले. कारण इतके साधे होते की मला आजही चीड येते. दाढीवाल्यांनी पाच दिवसांच्या माश्या पाहिल्या होत्या. कातरच्या मूलपेशी विसाव्या दिवसानंतर आळसावतात. निबंधात ते स्पष्ट लिहिले होते. त्यांनी नीट वाचलेच नव्हते. बाईंनी हे सगळे लिहून छापले. ते एका लहानशा नियतकालिकात आले आणि कोणी त्याबद्दल एक अक्षर बोलले नाही.

एकोणतिसाव्या वर्षी बाईंच्या आईच्या कमरेचे हाड मोडले. बाई अठरा दिवसांची रजा घेऊन आईकडे गेल्या. जाताना त्यांनी नळ्या बदलण्याचे वेळापत्रक भिंतीला चिकटवले. त्या वेळी खोलीत तीनशे बारा वाण होते. प्रत्येकाच्या दोन नळ्या.

नवव्या दिवशी साहेब दोन माणसांना घेऊन आले. एकाच्या हातात मोजपट्टी होती. ही भिंत पाडली की दोन खोल्या एक होतील आणि बैठकीचे सभागृह होईल, असे त्यांचे बोलणे मी ऐकले. साहेबांनी मावशींना बोलावले आणि शांतपणे सांगितले की मॅडमशी बोलणे झाले आहे, नळ्या गोठवून, उकळून, धुऊन साठ्यात जमा करायच्या आहेत. मावशींनी विचारले, "कातरसुद्धा?"

"सगळं, मावशी. मॅडम दमल्या आहेत आता."

मी तिथेच होतो. मला तोंड नव्हते. मला एका माणसाने मानेला धरून उचलले आणि बाहेर व्हरांड्याच्या फरशीवर ठेवले, माझ्यावर आवरण घालायचेही कोणाला सुचले नाही. तिथून मला मांडण्यांचे पाय तेवढे दिसत होते आणि मावशींच्या चपला. त्या आत जात, ट्रे घेऊन बाहेर येत, गोठवणाऱ्या पेटीकडे जात. दोन दिवस. तिसऱ्या दिवशी मोरीत नळ्या धुतल्याचा आवाज येत राहिला. एकोणीस वर्षे ज्या हातांनी खाऊ शिजवला त्याच हातांकडून साहेबांनी हे करवून घेतले, दुसऱ्या कोणाला सांगता आले असते तरीही. मित्रांनो, मी कशावर रागावलो आहे असे विचाराल तर आधी यावर.

बाई परतल्या तेव्हा भिंत निम्मी पडली होती. त्यांनी हातातली पिशवी खाली ठेवली नाही. त्यांना काही कळेना. मावशी धावत आल्या आणि बाईंचा चेहरा पाहूनच त्यांना सगळे उमगले.

"मला सांगितलं, तुम्ही हो म्हणालात," मावशी म्हणाल्या. "मीच धुतल्या, बाई. एकेक नळी माझ्या हातांनी."

बाई म्हणाल्या, "हात तुमचे होते. काम तुमचं नव्हतं."

मावशींनी तरीही एक गोष्ट केली होती. बाई दुःखात हो म्हणाल्या असतील, मागून पस्तावतील, असे वाटून त्यांनी कातरच्या दोन नळ्या मोरीखाली लपवल्या होत्या. पण मोरीमागच्या भिंतीतून उकळत्या पाण्याचा नळ जात होता. दोघींनी वाकून नळ्या बाहेर काढल्या. खाऊ आक्रसून काचेपासून सुटला होता आणि माश्या तळाशी पडल्या होत्या, पंख पसरून. बाईंनी मला फरशीवरून उचलले, खिडकीत ठेवले, पुसले, आणि एकेक माशी माझ्याखाली धरून पाहिली. एक तरी पाय हलतो का ते. छत्तीस माश्या होत्या. एकही हलली नाही.

बाईंनी तक्रार केली तेव्हा चौकशी समिती बसली. साहेबांनी सांगितले की आपण मॅडमना ईमेल पाठवले होते आणि त्यांनी नकार कळवला नाही, म्हणून संमती धरली. बाई त्या दिवशी आईच्या शस्त्रक्रियेसाठी दवाखान्याच्या बाकावर होत्या. मावशींनी समितीपुढे उभे राहून खरे ते सांगितले, की बोलणे झाले आहे असे साहेब म्हणाले होते. महिनाभराने निष्कर्ष आला. त्यात सारांश असा होता की ही संवादातील त्रुटी आहे आणि यापुढे सर्वांनी काळजी घ्यावी. संवादातील त्रुटी. माझ्या भिंगाला ओरखडा पडला असता तर त्याला दृष्टीतील त्रुटी म्हणाले असते बहुधा. आठ दिवसांत मावशींची बदली पलीकडच्या इमारतीत भांडी धुण्यावर झाली. ती मात्र त्रुटी नव्हती. ती अगदी नेमकी होती.

मला वाटे, बाईंनी आता आरडाओरडा करावा. टेबल उलटे करावे, माझ्यासकट. त्या तसे काही करत नव्हत्या. नव्याने मिळालेल्या जिन्याखालच्या खोलीत मला टेबलावर ठेवून त्या माझ्या रिकाम्या मंचाकडे पाहत बसत. मावशी जेवणाच्या सुट्टीत चालत येत आणि शेजारी बसत. एका दुपारी बाईंनी त्यांना सांगितले की कातर कदाचित अजून एका ठिकाणी असेल, दाढीवाल्यांकडे. पण त्यांना मागायचे म्हणजे त्यांच्यापुढे हात पसरायचे, आणि ते तर म्हणणार की खोट्या माशीचे काय एवढे. हे त्यांनी आईलाही सांगितले होते. आई अंथरुणावरून म्हणाली होती, मान काय शिजवून खायचा आहे का, माग. मावशी म्हणाल्या, आई बरोबर बोलतात.

बाईंनी तीन ओळींचे पत्र लिहिले.

उत्तर आले नाही. बारा दिवसांनी स्वतः दाढीवालेच आले. दाढी पांढरी झाली होती आणि नऊ तासांच्या प्रवासाने पाठ वाकली होती. दोन्ही हातांत त्यांनी एक खोके धरले होते, ते त्यांनी वाटेत मांडीवरून खाली ठेवले नव्हते म्हणे. त्यांनी ते माझ्या शेजारी उघडले. आत सहा नळ्या होत्या. बाईंनी एक नळी हलवून माश्यांना गुंगी दिली आणि माझ्याखाली ओतल्या. कुरतडलेले पंख. दोन्ही बाजूंना, त्याच जागी. मी माझ्या आयुष्यात इतके स्वच्छ कधी दाखवले नव्हते.

"दर तीन आठवड्यांनी बदलत आलोय," दाढीवाले म्हणाले. "तेरा वर्षं."

बाईंनी विचारले की खोटी वाटत होती तर ठेवली कशाला. ते म्हणाले की आपले मत वेगळे आणि वाण वेगळा, दुसऱ्याने विश्वासाने दिलेला वाण मरू द्यायचा नसतो. इथे गोष्ट संपली असती तर मीही त्यांना चांगला माणूस म्हटले असते. पण ते तिथेच थांबले नाहीत. दाढी चोळत, खाली बघत त्यांनी सांगितले की बाईंचा दुसरा निबंध त्यांनी वाचला होता. वाचून त्यांनी पंचवीस दिवसांच्या माश्या उघडल्या होत्या. आतडी फाटली होती. बाईंचे बरोबर होते.

"हे कधी पाहिलंत?" बाईंनी विचारले.

"तीन वर्षं झाली."

बाई उठून उभ्या राहिल्या. त्यांचा आवाज चढला नाही. "तीन वर्षं तुम्हाला माहीत होतं. सभागृहात बोललात तेव्हा सगळ्यांनी ऐकलं. आणि हे तुम्ही कोणालाच सांगितलं नाहीत?"

"लाज वाटली."

"तुमची लाज मी वागवली. माझी खोली गेली, विद्यार्थी गेले, तीनशे अकरा वाण गेले. माशीबाईंच्या नळ्या म्हणजे कचरा, असं त्यांना वाटलं ते तुमच्या एका वाक्यामुळे. माश्या आणल्यात, उपकार झाले. आता बसा आणि लिहा."

दाढीवाले बसले. माझाच दिवा वाकवून त्यांनी कागदावर प्रकाश घेतला. बाई समोर उभ्याच होत्या. आम्ही चुकलो, माश्यांचे वय चुकीचे घेतले, खाऊबद्दलचे विधान निराधार होते आणि हे आम्हाला तीन वर्षांपूर्वीच कळले होते. शेवटचे वाक्य लिहिताना त्यांचे पेन अडले. बाई म्हणाल्या, तेच महत्त्वाचं आहे. त्यांनी ते लिहिले. स्वयंपाकघराबद्दल ज्यांना बोललात त्या मावशीही इथे बसल्या आहेत, असे बाईंनी सांगितल्यावर त्यांनी मावशींकडे वळून हात जोडले. मावशींनी मान हलवली, पण पाणी विचारले नाही.

ते टिपण छापून आले आणि चक्र फिरले. चार ठिकाणांहून कातरची मागणी आली. दोन वर्षांत कातरमध्ये बिघडलेल्या सूचनेचे भावंड माणसाच्या आतड्यातही सापडले. ज्यांच्या आतड्याच्या जखमा भरत नाहीत अशा काही रुग्णांमध्ये नेमकी तीच सूचना बिघडलेली निघाली. बाईंना पुरस्कार मिळाले. साहेबांनी मुलाखतीत सांगितले की विभाग पहिल्यापासून मॅडमच्या पाठीशी होता. मावशींना परत आणायला मात्र बाईंना तीन अर्ज करावे लागले.

निवृत्तीच्या दिवशी बाईंचा सत्कार ठेवला. कुठे, तर त्या नव्या सभागृहात. मऊ खुर्च्या, थंड हवा, भिंतीवर बाईंचा मोठा फोटो, आणि व्यासपीठावरच्या टेबलावर शोभेसाठी मी. साहेब वीस मिनिटे बोलले. मग बाईंना दोन शब्द बोलायची विनंती झाली. बाईंनी पर्समधून घडी केलेले कागद काढले आणि वाचायला सुरुवात केली.

"घाईघाई. बोडकी. रुसलेली. पाहुणी."

लोकांना वाटले, काही तरी गमतीदार भाषण आहे. कोणी कोणी हसले. बाई वाचत राहिल्या. चाळीस नावे झाली, हसू थांबले. शंभर झाली, खुर्च्या करकरू लागल्या. साहेबांनी घड्याळ पाहिले, मग सूत्रसंचालकाकडे पाहिले. सूत्रसंचालकाने मान खाली घातली. दारापाशी उभ्या असलेल्या मावशींचे ओठ हलत होते, प्रत्येक नाव बाईंच्या आधी क्षणभर. तीनशे अकरा नावे वाचायला बावीस मिनिटे लागली. शेवटी बाई म्हणाल्या की ही सगळी इथेच, तुम्ही बसला आहात त्या जागी राहत होती, आणि खाली उतरल्या. टाळ्या वाजवाव्यात की नाही ते कोणाला कळले नाही.

बाई आता एका लहान महाविद्यालयात जातात. कातर त्यांच्याबरोबर गेली. आठवड्यातून दोनदा खाऊ शिजवायला मावशीही जातात. मलाही न्यायचे होते. बाईंनी लेखी मागितले. उत्तर आले की सदर उपकरण संस्थेचा वारसा असल्याने देता येत नाही. जिवंत माश्या कचरा होत्या, आणि मी वारसा. मला काचेच्या कपाटात बंद केले आहे. खाली पाटी आहे, तिच्यावर लिहिले आहे: वापरात नाही. कपाटाच्या बंद हवेने माझ्या डाव्या भिंगाच्या कडेला बुरशीचा एक बारीक धागा धरला आहे. शाळेच्या सहली येतात, मुले काचेला नाक लावतात, आणि बाई किती थोर होत्या हे त्यांना सांगितले जाते. नळ्यांचे काय झाले ते सांगत नाहीत.

म्हणून मी सांगितले. मित्रांनो, दुसऱ्याने वर्षानुवर्षे सांभाळलेले काही तुमच्या हाती आले, आणि ते तुम्हाला क्षुल्लक वाटले, तर टाकण्याआधी त्या माणसाला विचारा, आणि उत्तर येईपर्यंत थांबा. उत्तर आले नाही म्हणजे हो, असे कधीही धरू नका. आपण चुकलो हे ज्या दिवशी कळेल त्याच दिवशी ते बोला. तीन वर्षांनी बोललेले खरेही उशिराचे असते, आणि तोवर कोणाच्या तरी भिंती पडलेल्या असतात.

आणि माझ्याकडे पाहून हळहळू नका. मी मोडलेलो नाही. नजर जुळवायचे चाक अजून फिरते, दिवा अजून लागतो, आणि बुरशीचा तो धागा स्पिरिटच्या बोळ्याने एका मिनिटात निघेल. ज्या कोणाकडे या कपाटाची किल्ली असेल त्याने ती लावावी. मला पुसून पुन्हा काचेत ठेवू नये. माझ्याखाली काही तरी जिवंत ठेवावे आणि पाहावे.